पिस्तुलाच्या गोळीची कार्बाइन घेताना: आधी मॅगझिन ठरवा, मग बंदूक

टेक्सासमधल्या आमच्या मराठी मंडळात नेमबाजी करणारे आता पाच-सहा जण झालेत. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवीन माणूस तोच प्रश्न घेऊन येतो, "पीसीसी घ्यायचीय, कोणती घेऊ?" मी उलट विचारतो, "तुमच्याकडे पिस्तूल कोणतं आहे?" निम्मं उत्तर तिथेच मिळतं. उरलेल्या निम्म्यासाठी हा लेख.

पीसीसी म्हणजे पिस्टल कॅलिबर कार्बाइन. रायफलीसारखी खांद्याला लावायची, पण आत पिस्तुलाचं काडतूस. भारतात वाढलेल्या माणसाला 'कार्बाइन' म्हटलं की अंगरक्षकाच्या गळ्यातली स्टर्लिंग आठवते. तीही ९ एमएमचीच, पण चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात. अमेरिकेत नागरिकांना दुकानात मिळते ती सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी. कल्पना जुनीच आहे. १८७३ ची विंचेस्टर रायफल .४४-४० काडतुसाची होती, आणि काही वर्षांतच कोल्टने त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं. कमरेच्या पट्ट्यातली तीच काडतुसं दोन्हींना चालायची. आज तो मान ९ बाय १९ (म्हणजे नेहमीच्या ९ एमएम) काडतुसाचा आहे, आणि या लेखात मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

ही बंदूक घ्यावी कशासाठी? ९ एमएमची साधी सरावाची गोळी .२२३ च्या (एआर-१५ रायफलीच्या काडतुसाच्या) साधारण निम्म्या किमतीत पडते. बहुतेक इनडोअर रेंजवर ती चालते. शिवाय पिस्तुलाने दहा यार्डांवर गोंधळणारा नवा माणूस कार्बाइन खांद्याला टेकवली की पंचवीस यार्डांवर व्यवस्थित मारू लागतो. माझ्या बायकोला पिस्तुलाच्या धक्क्याची धास्ती होती, चाप ओढण्याआधीच डोळे मिटायचे. कार्बाइनवर दोन शनिवारांत ती सवय गेली, आणि मग पिस्तूलही सुधारलं. दूरचं लक्ष्य मात्र हिच्याकडून मागू नका. शंभर यार्डांपुढे जायचं असेल तर त्याच पैशात .२२३ ची साधी एआर-१५ चांगली.

पायरी १: बंदूक हातात घेण्याआधी व्हिसा पाहा

हे मी मुद्दाम सगळ्यात आधी सांगतो, कारण आपल्या लोकांची इथेच चूक होते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सगळे त्यात आले. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी नाही. नॉनइमिग्रंट माणसासाठी कायद्यात काही मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना.

आणि 'बाळगणं' म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे. रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंही त्यात येतं. आई-बाबा बी-२ व्हिसावर तीन महिन्यांसाठी आले, त्यांना गंमत म्हणून रेंजवर नेलं आणि हातात बंदूक दिली, असे फोटो मी पाहिलेत. तेही याच बंदीत येतं, आणि देणाराही अडकतो. त्यांना गॅलरीत बसवा, बघू द्या, पण हातात देऊ नका.

दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो. नागरिक नसाल तर त्यात तुमचा एलियन नंबर लिहावा लागतो. मग पार्श्वभूमी तपासणी होते. परवानाधारक दुकानातून रायफल घ्यायला संघीय कायद्याने किमान वय १८ आहे, पण काही राज्यांत २१.

कार्बाइनची नळी किमान १६ इंच आणि बंदुकीची एकूण लांबी किमान २६ इंच हवी. त्याहून आखूड झाली की १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टखाली तिची आधी नोंदणी आणि मंजुरी लागते. २०२६ पासून त्यावरचा दोनशे डॉलरचा कर शून्य झालाय, नोंदणी मात्र तशीच आहे. 'कर गेला म्हणजे मोकळीक' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पहिली कार्बाइन सरळ १६ इंची घ्या.

राज्याचा कायदा वेगळा. टेक्सासमध्ये मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या पेटीच्या, क्षमतेवर मर्यादा नाही. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क इथे दहा गोळ्यांची मर्यादा आहे. न्यू जर्सीत खरेदीसाठी आधी ओळखपत्र काढावं लागतं, इलिनॉयमध्ये फॉईड कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र), आणि कॅलिफोर्नियात काडतुसं घेतानाही तपासणी होते. याशिवाय अशा राज्यांत बंदुकीच्या 'लक्षणां'ची यादी असते: बाहेर आलेली पिस्तूल ग्रिप, घडीचा दस्ता, फ्लॅश हायडर (नळीच्या टोकाची ज्वाळा झाकणारा तुकडा), काही ठिकाणी नळीच्या टोकाचे आटे. त्यामुळे न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या माणसाने डॅलसमधल्या मित्राची बंदूक बघून तीच मागवायची नाही. आपल्याच राज्यातल्या दुकानदाराला मॉडेल क्रमांकासकट विचारायचं, कारण एकाच बंदुकीचं राज्यांप्रमाणे वेगळं मॉडेल निघतं.

पायरी २: काम एका वाक्यात लिहा

'सगळ्यासाठी' असं लिहायचं नाही. मी नव्या माणसाला कागदावर लिहायला लावतो: "महिन्यातून दोनदा इनडोअर रेंजवर पंचवीस यार्ड," किंवा "स्टील चॅलेंजचे सामने," किंवा "गाडीत घडी करून मावेल अशी." या तीन वाक्यांची उत्तरं तीन वेगळ्या बंदुका आहेत.

सामन्यांचा विचार असेल तर स्टील चॅलेंजपासून सुरुवात करा, असं माझं ठाम मत आहे. एका जागी उभं राहून पोलादाच्या पाच पाट्या मारायच्या. सहसा पाच वेळा, त्यातली सगळ्यात वाईट वेळ वगळायची. धावपळ नाही, त्यामुळे सुरक्षिततेच्या सवयी नीट बसतात. यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेच्या सामन्यात एका मोठ्या स्टेजवर (टप्प्यावर) ३२ पर्यंत गोळ्या लागतात आणि पळतापळता मारायच्या असतात. पीसीसीचा स्वतंत्र विभाग दोन्हीकडे आहे. एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजवर नेताना बंदूक रिकामी आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेत) रंगीत झेंडी, हा नियम आहे. दोन डॉलरची ही झेंडी बंदुकीबरोबरच घ्या.

पायरी ३: मॅगझिन

आता मूळ मुद्दा. बंदूक एकदाच घ्याल, मॅगझिनं मात्र आठ-दहा लागतील आणि ती झिजतील, हरवतील, वाळूत पडतील. म्हणून तुलना बंदुकीच्या किमतीची करू नका. बंदूक अधिक आठ मॅगझिनं अशी बेरीज करा. ग्लॉकच्या धर्तीची मॅगझिनं पंधरा ते तीस डॉलरमध्ये कुठेही मिळतात. सिग एमपीएक्सचं एक मॅगझिन साठ डॉलरच्या आसपास जातं. आठ घेतली की फरक शेकड्यांत.

दुसरा फायदा म्हणजे पिस्तुलाचीच मॅगझिनं कार्बाइनला चालणं. ग्लॉक १७ किंवा १९ असेल तर जवळजवळ सगळा बाजार तुमच्यासाठी उघडा आहे. स्मिथ अँड वेसनचं पूर्ण आकाराचं एम अँड पी असेल तर त्यांचीच एफपीसी कार्बाइन तीच मॅगझिनं घेते. रुगर सिक्युरिटी-९ असेल तर रुगर पीसी कार्बाइन.

इथे एक खड्डा आहे. आपल्यातले बरेच जण पहिलं पिस्तूल म्हणून बारीक, खिशात मावणारं घेतात: ग्लॉक ४३एक्स, शील्ड, सिग पी३६५. नाव त्याच कंपनीचं, गोळी तीच, पण मॅगझिन अरुंद. ते त्या कंपनीच्या मोठ्या मॅगझिनसाठी बनवलेल्या कार्बाइनमध्ये बसत नाही. मी स्वतः असंच एक बारीक पिस्तूल आणि सहा मॅगझिनं घेऊन बसलो होतो, आणि कार्बाइन घरी आल्यावर सहाही कपाटात गेली. दुकानात जाताना तुमचं रिकामं मॅगझिन खिशात न्या आणि त्या बंदुकीत घालून बघा. दुकानदाराला आधी विचारा, कुणी नाही म्हणत नाही.

पायरी ४: आतली यंत्रणा

बहुतेक स्वस्त कार्बाइन 'साध्या ब्लोबॅक'वर चालतात. बोल्टला, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या लोखंडी ठोकळ्याला, कुठलंही कुलूप नसतं. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत चेंबर बंद ठेवायचं काम नुसतं बोल्टचं वजन आणि स्प्रिंग करतात. म्हणून बोल्ट जड असतो, आणि तो जड लोखंडी तुकडा प्रत्येक गोळीला मागे-पुढे आपटतो. लोकांना वाटतं ९ एमएम म्हणजे अगदी मऊ. प्रत्यक्षात साध्या ब्लोबॅकच्या हलक्या कार्बाइनचा धक्का .२२३ च्या एआरइतका, कधी त्याहून जास्त जाणवतो. ही गोष्ट रेंजवर गेल्याशिवाय पटत नाही.

यावर उपाय निघालेत. रुगरने बोल्टमध्ये टंगस्टनचं सरकणारं वजन बसवलंय, त्यामुळे शेवटचा आपटा मवाळ होतो. सीएमएमजीचा बोल्ट किंचित फिरून उघडतो, तेवढा वेळ मिळतो म्हणून तो हलका ठेवता येतो. जेपी-५ मध्ये रोलर आहेत. सिग एमपीएक्स गॅसने ढकललेल्या पिस्टनवर चालते. या सगळ्या बंदुका हाताला खरोखर मऊ लागतात आणि पाटीवरून पाटीवर जाताना डॉट (काचेत दिसणारा नेमाचा लाल ठिपका) जागचा फारसा हलत नाही. त्या मऊपणाची किंमत मोजावी लागते, आणि गॅसवाल्या बंदुकीची साफसफाईही जास्त.

पायरी ५: प्रत्यक्ष बंदुका

रुगर पीसी कार्बाइन (२०१७ च्या अखेरीस आली) ही माझी पहिली शिफारस. वजन साधारण ६.८ पौंड, नळी १६ इंचांहून किंचित मोठी आणि जाड. बंदूक मधून दोन तुकड्यांत सुटते, छोट्या पिशवीत जाते. मॅगझिनची विहीर (मॅगझिन आत जातं ती खाच) बदलता येते: रुगरची बसवलेली असते, नेहमीच्या मॉडेलबरोबर ग्लॉकची डब्यातच मिळते. जुन्या पद्धतीचा दस्ता असलेलं, नळीला आटे नसलेलं मॉडेल कडक कायद्याच्या राज्यांतही मिळतं. तक्रार एकच, पुढून जड आहे. बारीक चणीच्या माणसाचा डावा हात दहा मिनिटांत भरून येतो. सुटी करून पुन्हा जोडल्यावर पंचवीस यार्डांवर दोन-तीन गोळ्या मारून नेम तपासायचा.

स्मिथ अँड वेसन एफपीसी २०२३ ची. वजन पाच पौंड, मॅगझिन ग्रिपमध्येच जातं, आणि नळी बाजूला वळून घडी होते. त्यामुळे वर बसवलेला रेड डॉट काढावा लागत नाही, हा तिचा मोठा गुण. दस्त्यात दोन जास्तीची मॅगझिनं राहतात. हलकी असल्यामुळे धक्का मात्र जाणवतो.

केल-टेक सब-२००० घडी करण्यात सगळ्यांची गुरू, चार पौंडांच्या आसपासची. जुन्या मॉडेलमध्ये नळी वरून मागे वळायची, म्हणून डॉट लावला की घडी होत नसे. तिसऱ्या पिढीत पुढचा भाग फिरवून हा प्रश्न सोडवलाय. गालाखाली थेट नळकांडं येतं, शंभर गोळ्यांनंतर गाल दुखतो. गाडीत ठेवायला आणि थोडं चालवायला ठीक, दर आठवड्याच्या सरावाला मी सुचवत नाही.

सीझेड स्कॉर्पियन कार्बाइन आटोपशीर आणि भरवशाची, पण चाप कारखान्यातून जड येतो आणि मॅगझिनं तिची स्वतःचीच. ग्लॉकवाल्याला यात दुहेरी खर्च.

हेन्री होमस्टेडरबद्दल मला आपुलकी आहे. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पिस्तूल ग्रिप नाही, जुन्या शिकारी बंदुकीसारखी दिसते. अॅडॉप्टर लावून ग्लॉकची मॅगझिनं चालतात. सामन्याची बंदूक नव्हे. पण ज्यांना काळं प्लास्टिक नको आणि शेतावरच्या मोकळ्या रेंजवर निवांत डबे पाडायचेत, त्यांनी हातात घेऊन बघावी.

एआरच्या धर्तीच्या ९ एमएम कार्बाइन अनेक कंपन्या बनवतात. ज्याच्या हाताला एआरचे खटके सवयीचे आहेत त्याला नव्याने काही शिकावं लागत नाही, आणि दस्ता, ग्रिप, चाप सगळं बदलता येतं. स्वस्तातली घेतलीत तर साधा ब्लोबॅक मिळेल. सामन्यात पुढे जायचं असेल तर सीएमएमजी, मग एमपीएक्स किंवा जेपी. पण पहिल्या वर्षी त्यावर दोन हजारांच्या पुढे घालू नका. तेच पैसे गोळ्यांवर घाला.

हाय-पॉइंट ९९५ सगळ्यात स्वस्त. चालते, पण जड आहे आणि कंपनीचं मॅगझिन दहा गोळ्यांचं.

पायरी ६: भाड्याने घ्या, पन्नास गोळ्या मारा

दोन बंदुकांवर आलात की रेंजवर भाड्याने घ्या. पहिल्या दहा गोळ्यांत निवाडा करू नका, नवेपणाची उत्सुकता असते. चाळिसाव्या गोळीनंतर काय वाटतं ते बघा. खांद्याला लावल्यावर डॉट आपोआप डोळ्यासमोर येतो की मान वाकवून शोधावा लागतो? खटका अंगठ्याने लागतो का? शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकून राहतो का? सगळ्यांत राहत नाही. मॅगझिन न बघता बसतं का? डावखुरे असाल तर रिकामी पुंगळी कुठे उडते तेही बघा, कारण माझ्या एका डावखुऱ्या मित्राच्या गळ्यावर डाग पडेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जुनी घेत असाल तर अनुक्रमांक कंपनीच्या रिकॉलच्या (दोषामुळे परत मागवलेल्या बंदुकांच्या) यादीत आहे का, ते घेण्याआधी तपासा.

पायरी ७: रेड डॉट आणि नेम बसवणं

कार्बाइनवर दुर्बिणीची गरज नाही, चांगला रेड डॉट पुरतो. एक गोष्ट मात्र समजून घ्या: डॉट नळीच्या वर असतो, एआरच्या धर्तीवर साधारण अडीच इंच. गोळी खालून निघून वर चढत नजरेच्या रेषेला भेटते. ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी १६ इंची नळीतून सेकंदाला सुमारे १३०० फुटांनी जाते असं धरून पंचवीस यार्डांवर नेम बसवला तर सात यार्डांवर गोळी दीड इंचाहून थोडी जास्त खाली लागते, पन्नासवर इंचभर वर आणि शंभरवर साधारण तीन इंच खाली. म्हणजे लांबच्यापेक्षा जवळच्याच लक्ष्याला काळजी घ्यायची. सात यार्डांवरच्या छोट्या ठिपक्याला मारताना डॉट ठिपक्याच्या वर धरायचा. नवे लोक इथेच बंदुकीला दोष देतात.

करायचं असं. बंदूक पिशवीवर टेकवा, पंचवीस यार्डांवर कागद लावा, तीन गोळ्या मारा, त्यांचा मध्य शोधा आणि तेवढंच डॉट सरकवा. एकेका गोळीमागे धावू नका. तीन-तीनचे चार गट पुरतात. मग सात, पंधरा आणि पन्नासवर प्रत्येकी पाच मारून कुठे लागतं ते वहीत लिहा. तुमच्या गोळीचे आकडे तुमचेच असतील.

पायरी ८: गोळी आणि पहिल्या तीनशे

लांब नळीमुळे ११५ किंवा १२४ ग्रेनच्या गोळीला पिस्तुलापेक्षा साधारण दहा-पंधरा टक्के वेग जास्त मिळतो. १४७ ग्रेनच्या गोळीला फारसा मिळत नाही. ती ध्वनीच्या वेगाखाली राहते, म्हणून आवाज कमी आणि धक्का मवाळ. सामन्यासाठी यूएसपीएसएत पॉवर फॅक्टर किमान १२५ लागतो: गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फुटांत, भागिले हजार. १२४ ग्रेन आणि १२०० फूट म्हणजे १४८.८, निश्चिंत राहा.

तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या शंभर-शंभर घ्या आणि प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक टाका. अडकली तर कुठल्या मॅगझिनमध्ये, कुठल्या गोळीला, ते लिहा. बहुतेक वेळा दोष एका मॅगझिनचा निघतो.

नेहमीच्या आवाजाऐवजी 'फुस्स' असा दबका आवाज आला तर लगेच थांबा. पुढची गोळी मारू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुटते. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, रेंज अधिकाऱ्याला हाक मारा. पोलादी पाटी दहा यार्डांच्या आत कधी मारू नका, गोळीचे तुकडे परत येतात. डोळ्यांचा चष्मा शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही हवा.

रेंजवर शिशाची धूळ अंगावर बसते. हात थंड पाण्याने साबण लावून धुवा, तिथे काही खाऊ नका. घरी रांगतं मूल असेल तर बूट दाराबाहेर आणि कपडे वेगळे धुवायला टाका. बंदूक रिकामी करून कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात, आणि पाहुणे येणार असतील त्या दिवशी दोन्ही कुलपं पुन्हा तपासा. आपल्याकडे पाहुण्यांची मुलं सगळ्या खोल्यांतून हिंडतात.

भारतात जाण्याआधी

भारतात ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर आहे, त्यामुळे कार्बाइन सोबत नेण्याचा विचारच नको. खरी अडचण पिशवीची होते. रेंजवर नेलेलीच सॅक कुणीतरी पुण्याच्या प्रवासाला उचलतं, आणि शिवणीच्या खाचेत एक काडतूस राहिलेलं असतं. भारतीय विमानतळावर एका जिवंत काडतुसावरूनही शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि मग सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते. आमच्याकडे रेंजच्या पिशवीला लाल रिबन बांधलेली आहे आणि ती गॅरेजमधून घरात येत नाही. जॅकेटचे खिसे, गाडीच्या सीटखालची जागा आणि मुलांच्या बॅगाही निघायच्या आदल्या रात्री मी हात घालून तपासतो.